मेस्त्रीकाकांचा पासंग

कॉलेजच्या पहिल्या वर्षी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये मला ‘झिरो एरर’ कळली नव्हती. सर इंग्रजीत भराभर सांगून पुढच्या टेबलाकडे गेले आणि मी वहीत नुसता शब्द उतरवून घेतला. विचारायचा धीर झाला नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे घरीही विचारण्यासारखं कोणी नव्हतं. संध्याकाळी घाटकोपरच्या बाजारामागच्या गल्लीतून वर टेकडीवरच्या चाळीकडे जाताना मी मेस्त्रीकाकांच्या दुकानापाशी थांबले आणि वही पुढे केली. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

“काय अडला तां तोंडान सांग,” ते म्हणाले.

मी सांगितलं, की काट्यावर काहीच ठेवलेलं नसतानाही तो थोडंसं वजन दाखवतो, त्याचं काय करायचं असतं ते कळत नाही.

ते हसले. “तेका आमी पासंग म्हणतो गो.”

मेस्त्रीकाका वजनकाटे दुरुस्त करायचे. वाण्यांचे तराजू, भाजीवाल्यांचे तराजू, सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, गोण्या तोलायचे मोठे काटे, सगळे त्यांच्याकडे येत. त्यांनी मला समोर टांगलेला एक तराजू दाखवला. दांडी कितीही चांगली असो, दोन पारडी अगदी सारखी कधीच राहत नाहीत. एक झिजतं, एकावर गंज चढतो. मग जे पारडं हलकं असेल त्याच्या साखळीला तारेचा तुकडा किंवा एखादा खडा बांधायचा आणि रिकामी दांडी सरळ आणायची. तो तुकडा म्हणजे पासंग.

“पण तो दिसाक होयो,” ते म्हणाले. “हयसर, उघड्यार टांगलेलो. गिऱ्हायकान विचारल्यान तर बोट दाखवक येवक होया. लपवलो काय तो पासंग नाय, ती चोरी.”

पुढच्या आठवड्यात मी सरांना झिरो एरर बरोबर सांगितली. पासंग हा शब्द मात्र वापरला नाही, लाज वाटली. आता वाटतं, वापरायला हवा होता.

मी त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे खरी, पण त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. मालवणकडून लहानपणी मुंबईत आले, एका गुजराती कारागिराच्या हाताखाली काम शिकले, एकुलती मुलगी सावंतवाडीकडे दिली, एवढंच ऐकून आहे. आमच्या चाळीत ते आणि काकी शेवटच्या खोलीत राहत. आम्ही घाटावरचे. काकी आमच्याकडे माशाची आमटी पाठवायच्या आणि काका मागून म्हणायचे, “ह्या घाटणीक काटे काढूक शिकवा आधी.” माझ्या वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. ते मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमन झाले, तेव्हा त्यांची पहिल्यापहिल्यांदा खाली गेलेली मान मेस्त्रीकाकांनी पाहिली होती. पण ते त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. ते माणसाला उगाच तोलायचे नाहीत. वस्तू मात्र सतत तोलायचे.

बाजारातून आणलेली मिरची, वाटाणे, सुका जवळा, सगळं आधी दुकानात तोललं जायचं आणि मग घरी जायचं. सोनाराचा काटा तपासायचा असला की ते पंखा बंद करत, गिऱ्हाइकाला “बोलू नको” म्हणत आणि आपला डावा तळहात तोंडावर धरून बसत, कारण श्वासानेही पारडं हलतं. पूर्वी तपकीर ओढायचे. शिंकेने पारडं हलतं म्हणून तीही सोडली. काटा थांबेपर्यंत ते तसेच बसून राहत. कधी पाच मिनिटंही. मला ते बघायला आवडायचं. इतकं गप्प बसलेलं माणूस आमच्या चाळीत दुसरं नव्हतं.

आणि कुठलाही काटा दिसला की त्यांचं एकच वाक्य असे: “आधी रिकामो काटो बघ.”

त्यांची एक गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत. लोखंडी वजनाच्या तळाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी निरीक्षक तपासणीची छाप मारतो. त्या भोकाला हे लोक वजनाचं पोट म्हणतात. एकदा एक वाणी पाच-पाच किलोची चार वजनं घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “मेस्त्री, ह्यांचं पोट जरा हलकं करून द्या.” म्हणजे आतलं शिसं थोडं काढून पुन्हा बंद करायचं. काकांनी चारी वजनं त्याच्या पिशवीत परत ठेवली आणि म्हणाले, “पोट हलका करूचा आसात तर दवाखान्यात जावा. हयसर नाय होवचा.” तो वाणी गेला आणि त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीची पाच-सहा दुकानंही गेली. काकींना त्याचा राग होता. पण गोष्ट संपली की त्याही पदराआड हसायच्या.

त्या गोष्टीत पोटाचा विनोद आहे म्हणून मला ती पुढे फार दिवस आठवत राहिली.

आधी त्यांना जेवण अर्ध्यावर पुरे व्हायला लागलं. मग शौचाला काळं व्हायला लागलं, ते त्यांनी दोन महिने कोणाला सांगितलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात दुर्बिणीने तपासलं तेव्हा जठरात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पाच तास चाललं. जठराचा मोठा भाग काढून उरलेला आतड्याला जोडला. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमचं कधी वाईट केलं नाही, आणि पुढे जे झालं ते आमच्याकडूनच झालं.

घरी आल्यावर त्यांनी शर्ट वर करून मला टाके दाखवले. “बघ, माझ्या पोटातला शिसा काढल्यानी. छाप गेली. आता फेरतपासणी करून परत मारून घेवक होयी.” त्यानंतर दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलात दाखवायला जायचं असलं की ते म्हणत, “छाप मारून घेवक जातंय.”

काकींना वाचता येत नव्हतं आणि केसपेपर सगळा इंग्रजीत, म्हणून त्यांच्याबरोबर मी जाऊ लागले. मला तरी सगळं कुठे कळत होतं. पण अक्षरं लावता येत होती. रांगेत बसून मी डिक्शनरी उघडायची आणि काका शेजारून म्हणायचे, “आता खयच्या पानार गेलंस?”

तिथे ओपीडीच्या दाराशी उभं राहून वजन करायचा एक काटा होता, स्प्रिंगचा, वर गोल तबकडी. काकांना स्प्रिंगचे काटे आवडत नसत. स्प्रिंग थकते, म्हणायचे. पहिल्याच दिवशी ते काट्यावर चढण्याआधी वाकले आणि तबकडीकडे बघत राहिले. काटा शून्यावर नव्हता, दीड किलोच्या आसपास होता. त्यांनी खिशातून छोटा पेचकस काढला, गुडघ्यावर बसले आणि खालचा स्क्रू फिरवायला लागले. केरळी सिस्टर ओरडत आली.

“ए बाबा, मशीन को हाथ मत लगाओ. खराब होगा.”

“खराब हय,” काका म्हणाले. “डेढ किलो जास्ती बोलता हय. सबको मोटा करता हय.”

रांगेतले लोक हसले. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. काटा शून्यावर आला तेव्हा काकांनी तिला बोट करून दाखवला आणि मग स्वतः चढले. एकोणपन्नास. त्या काट्यावर पुढे दोन वर्षं सगळ्यांची वजनं खरी आली, ती त्यांच्यामुळे. तो काटा त्यांनीच खरा केला, हे पुढे महत्त्वाचं ठरलं म्हणून सांगते आहे.

दीड वर्षाने पुन्हा दुर्बीण घातली. रिपोर्ट माझ्या हातात आला आणि मी कॉरिडॉरमध्येच वाचायला लागले. ‘रिकरन्स’ हा शब्द मला येत होता, तरी मी डिक्शनरी काढली. काहीतरी दुसरा अर्थ निघेल असं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

“काय लिवल्यानी?” काकांनी विचारलं.

“जिथे जोडलं होतं, तिथे पुन्हा आलंय.”

काकींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. काकांनी माझ्या हातातला रिपोर्ट घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, “फेरतपासणीत नापास.”

मोठे डॉक्टर मराठी होते, हळू बोलायचे. त्यांनी समजावून सांगितलं, की गाठ लगेच काढता येणार नाही, आजूबाजूला चिकटलेली आहे. आधी चार कोर्स औषध देऊ, शिरेतून. गाठ आक्रसली तर पुन्हा ऑपरेशन करून उरलेलं जठर काढू. “पण अंगात ताकद राहिली पाहिजे,” ते म्हणाले. “काहीही करून खा. वजन चाळीसच्या खाली गेलं तर मला टेबलावर घेता येणार नाही.”

काकांनी मान हलवली. त्या सगळ्या बोलण्यातला हा एक आकडा त्यांना स्वच्छ कळला होता. चाळीस. त्या दिवशी ते शेहेचाळीस होते.

तीन औषधं होती. त्यातलं एक लाल. ते सलाईनच्या नळीतून उतरताना काका नळीकडे बघत राहायचे आणि घड्याळ लावून थेंब मोजायचे. संध्याकाळपासून ओकाऱ्या सुरू व्हायच्या, त्या तीन-तीन दिवस थांबत नसत. दुसऱ्या कोर्सपर्यंत डोक्यावर केस राहिले नाहीत, भुवयासुद्धा गेल्या. आमच्या चाळीतली लहान मुलं आधी त्यांच्या दुकानात लिमलेटच्या गोळ्या मागायला जायची, ती आता जायला घाबरू लागली. काका त्यांना लांबूनच गोळ्या टाकायचे.

घरात त्यांनी एक छोटा काटा आणून ठेवला. ताटातला भात तोलून घ्यायचे, पेज तोलून घ्यायचे. ओकारी झाली की भांडं तोलायचे. “दीडशे ग्राम गेला, शंभर परत इला. पन्नास रवला,” असं पाटीवर लिहून ठेवायचे.

“तुमी जेवतास काय तोलतास?” काकी म्हणायच्या. आधी रागाने म्हणायच्या. पुढे पुढे त्या स्वतःच भांडं काट्यावर नेऊन ठेवायला लागल्या, आणि ते बघणं मला जास्त कठीण गेलं.

दर रविवारी ते दुकानातल्या गोण्यांच्या काट्यावर उभे राहत. दुसऱ्या कोर्सच्या वेळी हॉस्पिटलात त्रेचाळीस भरले होते. तिसऱ्याच्या आदल्या रविवारी मी दुकानासमोरून गेले तेव्हा ते काट्यावर उभे होते आणि दांडीवरचं सरकतं वजन मागे घेत होते. पुन्हा मागे. मला बघून खाली उतरले.

त्या आठवड्यात आम्ही बसने हॉस्पिटलला गेलो. उतरताना त्यांचा तोल गेला म्हणून मी त्यांच्या कमरेला हात घातला. शर्टाखाली काहीतरी टणक लागलं. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

“काका, हे काय?”

“गप. पासंग आसा.”

मी तिथेच थांबले. लुगड्याच्या काठाचा पट्टा शिवून त्यात अर्ध्या किलोची पितळी वजनं बसवली होती. चार. शिवण काकींची होती, ती मी ओळखली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

“माझे साडेएकोणचाळीस भरतत,” काका हळू आवाजात म्हणाले. “डॉक्टर चाळीस म्हणालो. ह्या धरून साडेएकेचाळीस होतले. त्रेचाळीसावरसून साडेएकेचाळीस, कोणाक संशय येवचो नाय.” खोटं वजन कसं दिसलं की खरं वाटतं, हे आयुष्यभर दुसऱ्यांचं पकडून त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मी मोठ्या माणसांना उलट बोलणारी नाही. पण तोंडातून निघून गेलं. “पासंग दिसतो, काका. तुम्हीच सांगितलं होतंत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “चल, लायन वाढली,” म्हणाले आणि पुढे चालू लागले.

ते त्या काट्यावर चढले, ज्याचा स्क्रू त्यांनीच फिरवला होता. चढण्याआधी सवयीने वाकले, शून्य पाहिलं. सिस्टर आता त्यांची ओळखीची झाली होती. “आओ मशीनवाला बाबा,” म्हणाली आणि आकडा लिहून घेतला. साडेएकेचाळीस. त्यांचा काटा अगदी बरोबर होता.

चौथ्या कोर्सच्या वेळी पट्ट्यात पाच वजनं होती. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, मग मला विचारलं, “काही खातात का घरी?” काका छताकडे बघत होते. मी म्हटलं, “हो, थोडं थोडं.” हे वाक्य मी बोलले आहे. कोणी मला बोलायला सांगितलं नव्हतं.

चौथा कोर्स दिला आणि दहा दिवसांनी त्यांना ताप भरला. तोंडात इतके फोड आले, की पाणी गिळता येईना. जांभळं औषध लावून त्यांचे ओठ, जीभ, दात सगळं जांभळं झालं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. वॉर्डात आठ दिवस आम्हाला वाटत होतं, की आज जातील, उद्या जातील. काकी कॉटच्या पायाशी बसून असायच्या, त्यांचा पाय धरून. रडत नव्हत्या. एकदा मला एवढंच म्हणाल्या, “पट्टो मी शिवलंय.”

ताप उतरला. अकराव्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर बरं काही दिसलं. “गाठ हाताला कमी लागते आहे,” ते म्हणाले. “औषधाने काम केलं. आता थांबायला नको, पुढच्या आठवड्यात घेऊ.” त्यांनी केसपेपर उलटला. “वजन चाळीस-सातशे. ठीक आहे.”

काकींनी हात जोडले. एवढ्यासाठी सगळं केलं होतं. पितळ, ओकाऱ्या, पाटीवरचे आकडे, सगळं या एका वाक्यासाठी. मी काकांकडे पाहिलं. त्यांना बोलताना त्रास होत होता.

“साहेब, तां वजन खोडा.”

“काय?”

“खोटा आसा. काटो आणूक सांगा.”

डॉक्टरांना आधी वाटलं तापाचं बोलताहेत. पण काकांनी पाय खाली सोडले होते. वॉर्डबॉयने ओपीडीतला काटा आणून कॉटपाशी ठेवला. एका हाताला सलाईनची सुई, दुसरा हात माझ्या खांद्यावर, तशा अवस्थेत ते आधी वाकले आणि रिकामा काटा पाहिला. मग चढले. छत्तीस.

“गेल्या खेपेक अडीच किलो पितळ होता,” ते म्हणाले. “तेच्या आदल्या खेपेक दोन.” शेवटी तोलणाऱ्याचा हिशेब होता, तो त्यांनी पुरा दिला.

डॉक्टर कितीतरी वेळ तबकडीकडे बघत होते. “कशाला केलंत हे?”

“तुमी चाळीस म्हणालात.”

“मला चाळीस किलोचा माणूस हवा होता हो,” डॉक्टर म्हणाले. आवाज चढला नव्हता. “मला कळलं असतं तर चौथा कोर्स मी थांबवला असता. आधी तुम्हाला नळीने खायला घातलं असतं. हा ताप...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग माझ्याकडे वळले. “तुला माहीत होतं?”

मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी मला काही म्हटलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी काकांना विचारलं, आता कशाला सांगितलंत, ते ऑपरेशन करणारच होते ना. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या कॉटपाशी बसलेल्या बाईने वळून पाहिलं.

“भूल वजनार देतत, सिस्टर सांगी होती,” ते म्हणाले. “आणि तू म्हणालंस तां बरोबर. पासंग दिसाक होयो.”

तीन आठवडे नाकातून नळी घालून त्यांना दूध, अंडं, साखर दिली. रोज सकाळी वजन. रोज आधी रिकामा काटा. छत्तीसचे सदतीस-चारशे झाले. डॉक्टर म्हणाले, याहून वाट बघण्यात अर्थ नाही, धोका आहे, पण घेऊ. चाळीतल्या चार जणांनी रक्त दिलं, त्यात माझे वडील होते.

सकाळी नऊ वाजता त्यांना आत नेलं. ट्रॉलीवर झोपवताना ते सिस्टरला म्हणाले, “सदतीस-चारशे. बरोबर लिखना.” साडेदहाला दार उघडलं आणि ट्रॉली बाहेर आली.

काकींचा चेहरा उजळला. “बघ गो, लवकर झाला. गेल्या टायमाक पाच तास लागले हुते.”

मला तेव्हाच कळलं. मी काकींचा हात धरला आणि काही बोलले नाही. त्यांना आणखी दहा मिनिटं ते सुख मिळालं.

डॉक्टरांनी सांगितलं, की गाठ लहान झाली होती, पण पोटाच्या आतल्या अस्तरावर दाणे पसरले होते, यकृतावरही होते. काढण्यासारखं नव्हतं. आतड्यात अन्न घालायला एक नळी बसवली आणि पोट शिवलं. मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, हे तीन आठवडे गेले नसते तर, तो ताप आला नसता तर. ते म्हणाले, “हे तीन आठवड्यांत होत नाही. आधीपासून असणार.” त्यांनी माझी समजूत काढली असेल, किंवा खरंच तसं असेल. काही दिवस माझा त्यावर विश्वास बसतो. काही दिवस नाही बसत.

काकांना सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण पेपर मीच वाचायची. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, “किती काढल्यानी?”

“काही नाही काढलं, काका. मिटवलं परत.”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “म्हंजे वजन होता तितक्याच आसा.” मी हसले नाही. त्यांनाही हसू अपेक्षित होतं असं वाटत नाही.

घरी आणल्यावर ते महिनाभर होते. दुखायचं तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायचे. पाटी पुसून टाकली होती, तोलणं बंद झालं होतं. मला वाटलं, ते आता त्यातून सुटले.

माझी थर्ड इयरची प्रॅक्टिकलची परीक्षा होती त्या सकाळी मी घाईघाईने गल्ली उतरत होते आणि दुकानाची फळी उघडी दिसली. शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. काकी दाराशी उभ्या होत्या. काकांच्या अंगावर चादर होती, चादरीखाली काही आहे असं वाटत नव्हतं. समोर नाजूक काटा होता आणि तेलाच्या फडक्यावर ती पाच पितळी वजनं ओळीने मांडलेली होती. काकींनी पट्टा उसवून ती काढली होती.

“हे कशाला?” मी विचारलं.

“अंगाक बांधून फिरवलंय. घाम लागलो, घासली. कमी भरतत काय बघूक होया. कोणाच्या दुकानात गेली तर तेचो लोकांका ताप.”

ती वजनं बरोबर निघाली की कमी भरली, मला माहीत नाही. मी काकींना कधी विचारलं नाही, आणि चार दिवसांनी विचारायला काकाच राहिले नाहीत. मला उशीर होत होता, तरी पाय निघेना. त्यांनी अजून वजनाला हात लावला नव्हता. आधी रिकामी पारडी बघत होते, आणि ती बारीक हलत होती.

“तू जा, तुझी परीक्षा आसा,” ते म्हणाले. “काटो थांबाक येळ लागता.”

काकींनी पंखा बंद केला. मी चार पायऱ्या उतरून वळून पाहिलं. काका पुढे झुकले होते, डावा तळहात तोंडावर धरला होता. एवढाच श्वास उरला होता, पण तोही पारड्याला लागू नये म्हणून ते तो अडवून बसले होते. काटा अजून हलत होता.